दादावरचे ताशेरे

गेल्या वर्षी दादाला घास गिळायला त्रास व्हायला लागला. आधी भाकरीचा, मग चपातीचा, आणि शेवटी तर मऊ भातही छातीपाशी अडकून बसायचा. नगरच्या एका दवाखान्यात दुर्बिणीतून तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं, कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही. खाली अन्ननलिकेत एक स्ट्रिक्चर आहे."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "इथंसुद्धा?"

मला हसू आलं, मग त्यालाही. डॉक्टरांना वाटलं, भाऊ-बहीण घाबरलेत म्हणून असं करतायत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं पित्त वर येत राहिलं की नळीला आतून जखमा होतात, त्या भरताना आतला भाग आवळत जातो आणि वाट अरुंद होते. आवळलेल्या त्या जागेला स्ट्रिक्चर म्हणतात. बारीक फुगा घालून ती रुंद करता येते. पुढे त्यांनी ती केलीही. आता दादा भाकरी खातो, फक्त सावकाश चावून खातो. दुखण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. पण तो शब्द आमच्या घरी त्याआधीच येऊन गेला होता, वेगळ्या अर्थानं, आणि त्या वेळी कुणाला हसू आलं नव्हतं.

मी राहुरीत राहते, कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. नात्यात कुणाकडेही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे पोचतो. विम्याचा, बँकेचा, कुणाच्या मुलीच्या व्हिसाचा. दादा माझ्याहून बराच मोठा. तो महसूल खात्यात तलाठी म्हणून लागला आणि पुढे मंडळ अधिकारी झाला. गावाकडे या माणसाला सर्कल म्हणतात. जमिनीच्या मालकीत बदल झाला की तलाठी फेरफार लिहितो, ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटिसा काढतो, आणि कुणाची हरकत नसली तर सर्कल त्या फेरफारावर सही करतो. सही झाली की सातबाऱ्यावर नाव चढतं, नाहीतर उतरतं. दादाच्या नोकरीचा मोठा भाग या सह्यांमध्ये गेला.

तो निवृत्तीला आला होता तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी, मी नुकतीच चर्चहून आले होते, तो न कळवता दारात उभा. एकटाच. वहिनी बरोबर नाहीत म्हटल्यावर मी जरा चमकले. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हे वाच. शेवटची दोन पानं. आणि मला मराठीत नीट सांग."

वरच्या कोर्टाचा निकाल होता. इंग्रजी. निकाल काय लागला ते दादाला माहीत होतं. एका बाईचं नाव सातबाऱ्यावर पुन्हा लावायचा हुकूम झाला होता. शिवाय फेरफार मंजूर करणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याबद्दल शेवटी काही लिहिलं होतं. ते त्याच्या खात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं होतं. जिल्ह्याच्या एका पेपरात आतल्या पानावर बातमीही आली होती: मंडळ अधिकाऱ्यावर कोर्टाचे ताशेरे. दादाचं नाव नव्हतं, पण तालुका होता, आणि तालुका कळल्यावर नाव कळायला वेळ लागत नाही.

मी वाचलं. दादा समोरच्या खुर्चीत सरळ बसून होता.

"काय म्हटलंय?"

"स्ट्रिक्चर्स पास केलीत, असा शब्द आहे."

"म्हणजे शेरा?"

"शेऱ्यापेक्षा जास्त."

"ठपका?"

त्याला हे विचारावंसं वाटणं साहजिक होतं. सरकारी नोकराला या शब्दांची उतरंड पाठ असते. शेरा कुणीही मारतं, चांगलाही असतो, वाईटही. आमचे वडील शाळामास्तर होते, ते मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं शेरे लिहायचे आणि त्यात 'छान' हाही शेरा असायचा. ठपका ही खात्यानं दिलेली शिक्षा, सगळ्यांत हलकी, पण शिक्षाच. चौकशी होते, तुमचं म्हणणं घेतात, मग ठपका ठेवतात. ताशेरे मात्र बाहेरून येतात, कोर्टाकडून, आणि ते कुणी मारत किंवा ठेवत नाही. ओढतं. मराठीत कोरडे ओढतात, आसूड ओढतात, तसे ताशेरेही ओढतात.

"ताशेरे," मी म्हटलं. "पेपरवाल्यांनी बरोबर लिहिलंय."

"इंग्रजीत जरा सौम्य असतं ना पण?"

मी त्याच्यासाठी कपाटातला जाड शब्दकोश काढला. त्याला तो बघायचा नव्हता, खरं तर मलाच हातात काहीतरी हवं होतं. त्या शब्दाचं मूळ आवळण्यात आहे, करकचून बांधण्यात. फार पूर्वी इंग्रजीत तो जाता जाता केलेल्या साध्या टिपणीसाठीही वापरत. आता तसा कुणी वापरत नाही. आता तो कडक, वरून खाली आलेल्या टीकेसाठीच येतो, बहुतेकदा अनेकवचनी येतो, आणि आपल्याकडे तर कोर्टाच्या बाहेर फारसा ऐकूच येत नाही. दोन मित्र एकमेकांवर स्ट्रिक्चर्स पास करत नाहीत.

हे सगळं मी त्याला सांगितलं. वर्गात सांगते तसं सांगितलं असावं, कारण तो म्हणाला, "शिकवू नको. वाच."

मग मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. या अधिकाऱ्यानं यंत्रासारखी सही केली. नोटीस खरोखर बाईपर्यंत पोचली का, हे पाहिलं नाही. एका विधवेचा हक्क जातोय याची त्याला फिकीर नव्हती. आणि शेवटचं वाक्य असं होतं की, इतकी घाई पाहता त्याचं दुसऱ्या पक्षाशी संगनमत असावं असा संशय यायला जागा आहे.

शेवटच्या वाक्याला दादा उठून उभा राहिला. "मी त्या माणसाचा चहासुद्धा प्यालो नाही."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग."

मग त्यानं मला प्रकरण सांगितलं. तालुक्यातल्या एका गावात दोन भावांची जमीन होती. धाकटा वारला. त्याची बायको आजारी आईकडे म्हणून माहेरी गेली आणि काही महिने तिथंच राहिली. तेवढ्यात थोरल्यानं वारस नोंदीचा अर्ज केला आणि धाकट्याच्या जागी स्वतःचं एकट्याचं नाव लावायला घेतलं. तलाठ्यानं नोटीस काढली. ती बाईला मिळाली म्हणून कागदावर अंगठा उठवलेला होता. मुदत संपली, हरकत आली नाही, कागद दादापुढे आला. त्यानं सही केली.

"अंगठा तिचाच होता?" मी विचारलं.

"नव्हता. तिला सही येते, सातवी शिकलीय. हे मला नंतर कळलं."

"आधी कसं कळलं असतं?"

 त्यानं पाणी मागितलं.

पुढचे काही महिने वाईट गेले. खात्याची नोटीस आली. नायब तहसीलदारपदाच्या बढतीच्या यादीत त्याचं नाव होतं, ती बढती थांबली. ऑफिसात कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण फेरफारावर सही करताना एखादा मोठ्यानं म्हणायचा, "नोटीस बघून घ्या हो, नाहीतर ताशेरे बसतील." दादा डबा घेऊन जायचा आणि तो तसाच परत आणायचा. वहिनी मला फोनवर सांगायच्या, रात्री जेवत नाहीत, बोलत नाहीत, देवळाशेजारच्या मैदानात एकटेच चकरा मारतात. त्यांनीच हट्ट धरला की वकील गाठा आणि ते लिहिलेलं काढून टाका. वहिनी तशा साध्या आहेत, पण या बाबतीत ठाम होत्या. "पोरीच्या सासरी कुणी वाचलं तर?" त्या म्हणाल्या.

वकिलांकडे मी बरोबर गेले, इंग्रजीसाठी. त्यांनी निकाल चाळला आणि चष्मा काढून दादाला विचारलं, "या केसमध्ये तुम्ही पक्षकार होता?"

"नाही. मी तेव्हा बदलून दुसरीकडे होतो."

"कोर्टाची नोटीस आली होती?"

"नाही."

"तुमचं म्हणणं मांडायची संधी दिली होती कुणी?"

"नाही."

वकील एकदम खूश झाले. "मग काम सोपं आहे. माणसाचं म्हणणं न ऐकता, त्याच्या पाठीमागे त्याच्यावर ताशेरे ओढता येत नाहीत. न्यायाचं पहिलं तत्त्व. ज्याचं नुकसान होणार, त्याला आधी विचारलं पाहिजे. आपण तेवढाच मुद्दा घ्यायचा."

ते बोलत राहिले. मी लिहून घेत होते. दादा टेबलावरच्या काचेकडे बघत होता. बाहेर आल्यावर आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो. दादानं ग्लास हातात घेतला. मग म्हणाला, "त्या बाईच्या वकिलानंही तिला हेच सांगितलं असणार."

"काय?"

"हेच. तुम्हाला नोटीस नव्हती, तुमचं ऐकलं नाही, मग काम सोपं आहे." त्यानं रसाचा घोट घेतला. "तिच्या बाबतीत तिचं न ऐकणारा मी होतो."

मी रसाचे पैसे दिले. 

अर्ज मात्र त्यानं केला. कुणाला वाटेल, हे उमगल्यावर माणसानं अर्ज करू नये. मलाही क्षणभर तसं वाटलं होतं. पण मुलीच्या सासरची काळजी होती, बढती होती, आणि संगनमताचं ते वाक्य खोटं होतं. अर्जाचा निकाल लागायला पावसाळा उलटून गेला. कोर्टानं संगनमताचं वाक्य वगळलं. बाकीचं तसंच ठेवलं. यंत्रासारखी सही, नोटिशीची खात्री न करणं, बेफिकिरी, हे सगळं कागदपत्रांवरूनच दिसतंय, ते वगळायचं कारण नाही, असं म्हटलं.

मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. वहिनींना ते पटलं नाही, अर्धंच काम झालं म्हणाल्या. दादा म्हणाला, "राहिलंय ते खरं आहे. राहू दे." बढती त्याला मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो सर्कल म्हणूनच निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांनी त्यानं मला विचारलं, "गाडी घेऊन येशील का? त्या बाईच्या गावाला जायचंय."

"कशाला?"

"जाऊन यायचंय."

"एकटा का जात नाहीस?"

"एकटा गेलो तर तिच्या दिराला वाटेल तिच्या बाजूनं गेलो, आणि तिला वाटेल दिराच्या बाजूनं आलो. बाईमाणूस बरोबर असलं की बरं."

श्रीगोंद्याच्या रस्त्यावर ऊसतोड चालू होती. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना ओलांडायला जागा मिळेना, म्हणून पोचायला दुपार झाली. गावात विचारत विचारत वस्तीवर गेलो. पत्र्याचं घर, पुढं गोठा, दोन गाया. बाई कडबा कुट्टीच्या मशिनपाशी होत्या. पन्नाशीच्या असतील. मशिन बंद करून, पदर खोचून पुढे आल्या.

"कोन पाहिजे?"

दादानं नमस्कार केला. "मी इथला पूर्वीचा सर्कल. तुमच्या फेरफारावर माझी सही होती."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी यांची बहीण."

"बसा," त्या म्हणाल्या. बाजेवरची गोधडी सरळ केली. स्वतः उंबऱ्यावर बसल्या. "मी तुमाला कदी बघितलंच न्हाई."

"हो. तेच."

"वकील म्हनला हुता, साहेबाला लई झापलंय कोर्टानं. खरंय का?"

"खरंय."

"मंजी काय म्हनले?"

मला वाटलं आता दादा माझ्याकडे बघेल. इंग्रजी माझ्याकडे होतं. पण त्यानं बघितलं नाही. त्यानं स्वतःच सांगितलं. "म्हणाले, या माणसानं यंत्रासारखी सही केली. अंगठा कुणाचा ते बघितलं नाही. बाईच्या घरी कुणाला पाठवलं नाही. तिचं काय होईल याचा विचार केला नाही."

बाईंनी ऐकून घेतलं. "एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं, लई काय बोलले आसतील."

मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही, गोठ्याकडे बघत बोलत राहिल्या. आईचं उरकून परत आल्या तेव्हा सोसायटीत पीककर्जाला गेल्या, तिथं क्लार्कनं सातबारा बघून सांगितलं, बाई, तुमचं नाव न्हाई यात. त्यांनी त्याला म्हटलं, नीट बघ. त्यानं नीट बघून पुन्हा तेच सांगितलं. मागं रांगेत भावकीतले लोक होते.  दिरानं दारातली मोटर काढून नेली. पोरीचं जमलेलं लग्न लांबलं, कारण पाहुण्यांनी विचारलं, जमीन हाय का न्हाई ते आधी सांगा. कोर्टाच्या तारखेला जायचं तर गाया कुणावर सोडायच्या. "नवरा गेला तवा लोक भेटाया तरी आले. नाव गेलं तवा कुनी आलं न्हाई. तुमी एक शिपाई धाडला आसता दारात, तरी मी म्हनले आसते, मला सही येती."

एकदाच दादा मध्ये बोलला. "पण तलाठ्यानं," एवढं म्हणाला आणि थांबला. बाई त्याच्या पुढच्या शब्दांसाठी थांबल्या होत्या. "नाही," तो म्हणाला, "तुम्ही बोला."

त्या आणखी थोडं बोलल्या आणि मग बोलणं संपलं. उठून आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. मी दादाकडे बघितलं. तो चेहरा पाडून वगैरे बसला नव्हता. शिक्षकापुढे बसलेल्या माणसासारखा, हात गुडघ्यांवर ठेवून, नुसता बसला होता. वर्तमानपत्रातल्या बातमीनं त्याचं जेवण बंद केलं होतं. इथं ऐकलेलं त्याहून कडक होतं, पण चहा आला तो त्यानं पूर्ण प्याला आणि बशीतला बिस्किटाचा तुकडाही खाल्ला.

माफी मागितली का, असं वहिनींनी नंतर मला विचारलं. मागितली. उठताना म्हणाला, "चुकलं माझं." बाई म्हणाल्या, "व्हय, चुकलं." आणि लगेच म्हणाल्या, "तुमाला ह्यातलं कळतंय तर एक सांगा. दीर बांध कोरतोय. दर नांगरटीला वीतभर आत येतो. काय करू?"

दादाच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता तो ऑफिसातला भाव आला. त्यानं गट नंबर विचारला, शेजारी कोण कोण ते विचारलं, मोजणीचा अर्ज कुठे करायचा, कोणते कागद जोडायचे, मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहायचं, हद्दीच्या खुणा पुढ्यात रोवून घ्यायच्या, हे सगळं दोनदा सांगितलं. "नोटीस येईल तुम्हाला," तो म्हणाला, "ती सही करून घ्या. अंगठा देऊ नका." बाई पहिल्यांदा हसल्या. मोबाईल नंबर घेतला. परतीच्या वाटेत दादाला गाडीतच झोप लागली, राहुरीच्या अलीकडे मी त्याला उठवलं.

मोजणी झाली. त्या दिवशी संध्याकाळी मी दादाकडेच होते. बाईंचा फोन आला. दादानं फोन स्पीकरवर टाकला, कारण त्याला हल्ली कमी ऐकू येतं. मोजणीवाल्यांनी साखळी धरली, खुणा रोवल्या, आणि निघालं असं की बांध कोरला होता तो बाईंच्या बाजूनंच. बहुधा नवऱ्याच्या काळात. दिराची दोन हात जमीन त्यांच्याकडे येत होती. आता ती सोडायची होती.

"तुमी सांगितलं म्हनून मी मोजनी आनली," बाई म्हणत होत्या. "आता तो दीर अंगनात हुबा राहून हसतोय. कुनी सांगितलं हुतं तुमाला शानपना करायला? घरात बसून पेन्शन खावी ना! आदी नाव घालवलं, आता रान घालवलं!"

त्या बराच वेळ बोलल्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना काही कळेना. दादा फोन हातात धरून ऐकत होता. मध्ये मध्ये "हो" म्हणत होता, "बरोबर आहे तुमचं" म्हणत होता. शेवटी बाईंना दम लागला असावा. त्यांनी विचारलं, "आता पुडं काय?"

"नवा बांध घालून घ्या, पाऊस पडायच्या आत," दादा म्हणाला. "मी येतो तेव्हा."

"या," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.